कंपनीवर रुसलेला दादूस

दादूसला फोनची गरज नव्हती, हे आधीच सांगून टाकते. कोन गावात आपल्या ओटीवर उभं राहून त्यानं बायकोला हाक मारली, की खाडीपलीकडे कल्याणात दोन बायका 'ओ' द्यायच्या आणि एक रिक्षा थांबायची. असा माणूस कंपनीनं कॉल सेंटरात बसवला. कानाला हेडफोन, तोंडासमोर वाटाण्याएवढा माईक. पहिल्याच दिवशी तो त्या वाटाण्यात बोलला, आणि नाशिकच्या एका बाईंनी टीव्हीची तक्रार बाजूला ठेवून गवंडी बोलावला. भिंतीला तडा गेला म्हणे. हे माझ्या शेजारच्या खुर्चीवरची नसरीन सांगायची. माझ्या मते तडा आधीचाच असणार. फोननंतर वाढला, एवढंच खरं.

भिवंडीजवळ राहनाळला एका गोडाऊनच्या डोक्यावर आमची खोली होती. खाली फ्रिज, मिक्सर आणि त्या काळातले पेटीसारखे जाडजूड टीव्ही. वर आम्ही पंचवीसेक जण, महाराष्ट्रभरातल्या मोडक्या वस्तूंची गाऱ्हाणी ऐकत बसलेलो. सगळे विशीतले. आणि मधोमध हा पन्नाशीचा गडी, पांढरा शर्ट, गळ्यात बोटभर जाडीची साखळी, पायात चप्पल नाही, कारण 'फोनवर पाय कोनाला दिसतान?'

कंपनीनं गोडाऊनसाठी जमिनी घेतल्या, तेव्हा घरटी एक नोकरी कबूल केली होती. जमीन खरं म्हणजे वहिनीची, दादूसच्या बायकोची. ती माहेरची राहनाळचीच. भाऊ नव्हता, म्हणून बापाची भातखाचरं तिच्या नावावर आली. पण नोकरी वाटायची वेळ आली तेव्हा साहेबानं विचारलं, "घर का बड़ा कौन?" आणि दादूस पुढं झाला. खाली हमाली होती, वर पंख्याखाली बसून बोलायचं काम. बोलायचे पैसे मिळतात हे कळल्यावर तो आठ दिवस हसत होता. "आयला, आमच्या आज्यापासून सगले फुकट बोलत मेले!"

बोलण्यासाठी आम्हाला एक छापील कार्ड दिलेलं होतं. 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?' इथून सुरुवात. दादूसनं ते कार्ड वारा घ्यायला वापरलं. त्याची सुरुवात अशी: "बोला, काय मोरलाय?" म्हणजे काय मोडलंय; त्याच्या तोंडी 'ड'चा 'र' व्हायचा. मग गाव कुठलं, पाऊस हाय का न्हाय, मुलगी कुठं दिली, जावय बरा हाय ना. फ्रिजचा नंबर विचारायचा तो अगदी शेवटी, तोही आठवला तर. गिऱ्हाईक भडकून ओरडायला लागलं की बाकीचे कार्डात उत्तर शोधायचे, याचा चेहरा उजळायचा. "आता कसा मानूस बोलला!" म्हणून हा त्याच्या वर आवाज चढवायचा. पाच मिनिटं दोघं मनसोक्त ओरडायचे, सहाव्या मिनिटाला एकमेकांना मेव्हणे म्हणायचे. त्याच्या पुतण्याच्या हळदीला लातूरहून एक अख्खं कुटुंब आलं होतं. आहेर दिला, जेवले, नाचले, आणि निघताना यजमान हळूच म्हणाले, "फ्रिजचं तेवढं बघा हं." दुसऱ्या कुणाकडे फोन लागला तरी लोक म्हणायचे, "तो ओरडणारा काका द्या ना."

"ज्याचा आवाज बसला, त्याचा संसार उठला," हे त्याचं तत्त्वज्ञान. आम्ही खोकलो तरी तो शंकेनं बघायचा.

आमच्या साहेबाचं तत्त्वज्ञान वेगळं होतं. "हम एक परिवार हैं." तो वरून, म्हणजे फार वरून, आलेला होता. शर्टाला घडी अशी की भाजी चिरावी. बोनस कापला तेव्हा आम्ही परिवार होतो. दुपारचे पंखे अर्धे बंद केले तेव्हा परिवार होतो. चहाचा कप अंगठ्याएवढा झाला तेव्हा तर फारच जवळचा परिवार. 'परिवार' हा शब्द ऐकला की आम्ही आपापल्या डब्यावर हात ठेवायचो.

एके सकाळी साहेब खोलीत आला आणि दारातच म्हणाला, "हम एक परिवार हैं." पंचवीस हात पंचवीस डब्यांवर गेले. पण या वेळी डबा वाचला, बाकी सगळं गेलं. आमचे फोन एका ठेकेदाराला द्यायचे ठरले होते. दूर कुठल्याशा शहरात त्याचा मोठा हॉल होता, तिथं शेकडो पोरं रांगेनं बसून सगळ्या जगाचे फोन घेतात, आणि आमच्यापेक्षा फार स्वस्तात घेतात. दिवाळीचा माल संपला की खोली बंद. "आप सब का फ्यूचर ब्राइट है," म्हणून साहेब निघून गेला.

माझ्या घरी करार होता, नोकरी आहे तोवर स्थळं बघायची नाहीत. म्हणजे दिवाळी संपताच चहाचा ट्रे हातात आणि पाव्हण्यांसमोर मान खाली. पण माझं रडगाणं नसरीनसमोर काय? तिच्या अब्बांचे लूम, म्हणजे कापडाचे माग, विकले गेले होते, आणि घरातली चूल तिच्या पगारावर पेटत होती. ती एवढंच म्हणाली, "घर पे क्या बोलूँगी मैं?"

दादूसनं ते ऐकलं. हेडफोन काढला, खुर्चीवर चढला. खुर्चीला चाकं होती, त्यामुळे आमच्या युनियनची स्थापना खिडकीपासून दारापर्यंत सरकत सरकत झाली. आम्ही दोघी खुर्ची धरून मागून धावत होतो. घोषणा त्याची त्यानंच केली आणि त्यानंच आधी दिली, "आमचे फोन, आमचेच कान!" खाली एका हमालाच्या हातून मिक्सर पडला. अध्यक्ष दादूस, चिटणीस नसरीन, मी खजिनदार. खजिना नव्हता, पण मान होता.

सल्ला घ्यायला भिवंडीतून लूमवाल्यांचे एक जुने पुढारी बोलावले. त्यांनी चष्मा पुसला आणि लगेच सांगितलं, "संपाची नोटीस द्या. सगळ्यांनी काम सोडून गेटवर बसा."

"आनि फोन कोन घेल?" दादूसनं विचारलं.

"कोणी नाही. तोच तर संप."

"न्हाय काका. आपन उठलो की तो ठेकेदार घेल. त्याला तेच पायजे हाय. त्याचा बोट धरून आपनच बटनावर ठेवायचा का?"

पुढाऱ्यांनी चष्मा पुन्हा पुसला. "मग तुम्ही करणार काय?"

"रुसनार."

पुढाऱ्यांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. दादूसच्या बाबतीत ही अडचण कधीच नसते. मग त्यानं त्यांना रुसव्याचा कायदा समजावला. लग्नात नवरा पानावर रुसून बसतो. पुढ्यात भरलेलं ताट, पण घास घेत नाही. आणि त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय मांडवात कुणी जेवत नाही. शेवटी सासरा हातापाया पडतो, काय हवं ते विचारतो, कबूल करतो, आपल्या हातानं घास भरवतो, मग पंगत सुरू. सगळीकडे हे असंच असतं का, मला ठाऊक नाही. पण कोन, वळ आणि राहनाळ एवढ्या मुलखात दादूस सांगेल तोच रुसव्याचा कायदा होता. स्वतःच्या लग्नात त्यानं रुसून सासऱ्याकडून होडी मिळवली होती. खाडीत बुडाली ती, पण मिळाली होती.

"आनि एक ध्यानात ठेवा," तो बोट वर करून म्हणाला. "जो मांडव सोरून गेला तो रुसलेला नवरा न्हाय, पलालेला नवरा. त्याला कोन इचारत न्हाय. रुसायचा तो पानावर बसूनच."

"अहो, म्हणजे उपोषणच ना हे?" पुढारी म्हणाले.

"न्हाय काका. उपोशनात मानूस एकटा भुका ऱ्हातो. रुसव्यात सगला गाव भुका ऱ्हाता."

पुढाऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या होत्या, तुरुंग बघितला होता. हे नवीन होतं. चहा न पिताच गेले बिचारे.

आता रुसायचं तर ताट पाहिजे. तेही साहेबानंच आणून दिलं. ऐन दिवाळीच्या तोंडावर, गोडाऊनसमोर ट्रकांची रांग लागलेली असताना, ठेकेदाराचा माणूस सगळं पाहायला येणार होता. साहेबाला वाटलं, जाता जाता आमचं तोंड गोड करून पाठवावं. खाली गोडाऊनच्या फरशीवर पंगत मांडली. वरची खोली, खालचे हमाल, ड्रायव्हर, सगळे निमंत्रित, कारण परिवार. स्वयंपाक मात्र गावच्या हळदीचं जेवण करणाऱ्या बायकांना दिला. मटण, तांदळाच्या भाकऱ्या, वडे, सुका जवळा. त्या रश्श्याचा वास वळच्या वेशीपर्यंत गेला आणि तिथली कुत्री ओळीनं बसली.

साहेब रुसवा मोडायला बघणार हे ठीक. खरी धास्ती आम्हाला आमच्याच अध्यक्षाची होती. दादूस न जेवता उठला असा दाखला तिन्ही गावांत नव्हता. हळदीला याच्या ताटाला भाकऱ्या वाढायला स्वतंत्र बाई नेमत. "दादूस, होईल ना?" मी विचारलं. तो म्हणाला, "गो, मी नाक बंद करतंय." पण एवढं नाक बंद करायला दरवाजा लागला असता.

वर फोन चालूच ठेवायचे, हा त्याचाच हुकूम. आम्ही पाळीपाळीनं जिना चढून उपाशीपोटी 'नमस्कार' म्हणत होतो. काम बंद केलं असं कुणी म्हणायला नको.

पंगत बसली. साहेबानं भाषण केलं. ठेकेदाराचा माणूस टाय सांभाळत मांडी घालायचा प्रयत्न करत होता. "हम एक परिवार हैं," साहेब म्हणाला, "शुरू कीजिए." सगळ्यांचे हात ताटाकडे गेले. दादूसचा नाही. तो हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसला होता.

समोर हमालांचा मुकादम होता, वळचा, दादूसच्या आत्याचा मुलगा. त्यानं घास तोंडाजवळ नेता नेता विचारलं, "दादूस, घे ना."

"मी रुसलोय."

"कोनावर?"

"कंपनीवर. सायब बोलतो, परिवार हाय. मंग परिवारात मी रुसलो."

मुकादमानं घासाकडे बघितलं, दादूसकडे बघितलं, आणि घास ताटात ठेवला. शेजारच्यानं ठेवला. त्याच्या शेजारच्यानं ठेवला. थप, थप, थप, असा आवाज रांगेच्या टोकापर्यंत जाऊन दुसऱ्या रांगेनं परत आला. ठेकेदाराच्या माणसाला काही कळेना. त्यानं आपला पापड मोडला. कटकन आवाज झाला, आणि सगळं गोडाऊन मान वळवून त्याच्याकडे बघायला लागलं. त्यानं ते दोन तुकडे पुन्हा जुळवून ताटात ठेवले.

जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. कुणी हललं नाही. साहेब मुकादमाला म्हणाला, "चलो, लोडिंग शुरू करो."

"करतो ना सायेब. जेवून उठलो की लगेच."

"तो खाओ!"

"खातो ना. दादूसनं खाल्ला की लगेच."

म्हणजे संप नव्हता, बंद नव्हता, काही नव्हतं. फक्त जेवणाची सुट्टी संपत नव्हती. बाहेर ट्रकांची रांग मानकोलीपर्यंत गेली. नसरीन म्हणते नाशिकपर्यंत. मी मानकोलीवर थांबते, कारण मला खोटं बोलायला आवडत नाही.

साहेबानं वर, मुख्य कचेरीत, फोन लावला. मी जिन्यात होते, सगळं ऐकलं.

"सर, यहाँ एक आदमी खाना नहीं खा रहा... जी... जी सर, एक ही... नहीं सर, बीमार नहीं है, रूठा है... सर, वो नहीं खा रहा तो कोई नहीं खा रहा... जी, तो लंच खतम नहीं हो रहा... सर, खतम नहीं हो रहा तो माल नहीं निकल रहा... नहीं सर, मैंने भी नहीं खाया।"

शेवटचं वाक्य त्यानं दोनदा सांगितलं.

ऊन उतरायला लागलं. रश्श्यावरचा तवंग थिजला. दादूसच्या कपाळावरून घाम गळ्यातल्या साखळीपर्यंत आला होता, आणि त्याच्या पोटातून असा आवाज येत होता की ड्रायव्हर ट्रक बघायला बाहेर जाऊन आले. कुणी गंमत करत नव्हतं आता. नसरीन भिंतीला टेकून एकटक त्याच्या हाताकडे बघत होती. एकदा तो हात मांडीवरून उठला. तिनं डोळे मिटले. हातानं घाम पुसला आणि तो परत मांडीवर गेला.

तेव्हा साहेबाला सुचलं की याच्या बायकोला आणावं. नवऱ्याला जेवू घालणं बायकोशिवाय कुणाला जमणार? रिक्षा पाठवून वहिनीला आणलं. अंबाड्यात अबोलीचा गजरा, पदर खोचलेला. तिनं सगळी पंगत बघितली.

"भाभीजी, इनको खिलाइए," साहेब अक्षरशः हात जोडून म्हणाला.

वहिनी दादूसच्या शेजारच्या पाटावर बसली. तिच्या पुढ्यात ताट आलं. तिनं ते दोन बोटांनी पुढं सरकवलं.

"मी पन रुसले."

दादूसनं पंगत बसल्यापासून पहिल्यांदा डोळे उघडले. "तू कोनावर?"

"तुमच्यावर. तुमचा चालू द्या आधी."

साहेब खाली बसला. तिथंच, फरशीवर, घडीच्या पँटीसकट. मग उठून त्यानं पुन्हा फोन लावला, आणि या वेळी 'जी सर' कमी होते. दिवेलागणीला त्यानं फोन स्पीकरवर टाकला. मोठ्या साहेबाचा वैतागलेला आवाज गोडाऊनभर घुमला: ठेका रद्द, फोन राहनाळलाच राहतील, खोली चालू राहील, पण देवाखातर कुणीतरी त्या माणसाला जेवू घाला.

"मांडवात बोललेला शब्द हाय," दादूस मुकादमाला म्हणाला. "सगल्यांनी ऐकला ना?" सगळ्यांनी ऐकला होता. नसरीन रडत होती आणि हसत होती, आणि मला चिमटे काढत होती. आमची खोली वाचली!

साहेबानं भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि सासऱ्यासारखा दादूसच्या तोंडाशी नेला. दादूसनं तोंड उघडलं. सगळ्या गोडाऊननं तोंड उघडलं. मग त्यानं ते मिटलं.

"अब क्या हुआ?"

"ही रुसलेय ना. हिच्या आधी मी कसा खाऊ? कायदा हाय."

हमालांच्या रांगेतून असा हुंकार निघाला की पत्रे हलले. पण साहेब आता रुसव्याचा कायदा आमच्यापेक्षा पक्का शिकला होता. तो गुपचूप दोन पाट सरकला आणि वहिनीपुढं उकिडवा बसला. "बोलिए भाभीजी. क्या चाहिए?"

"तुमच्याकडं न्हाय मागत. यांच्याकडं मागते." वहिनीनं साहेबाकडे बघितलंसुद्धा नाही. "जमीन माज्या बापाची. नोकरी घरटी एक. सायब बोलले, घरातला मोठा कोन, आनि तुमी उठलाव. मना कोनी इचारलाच न्हाय. ती खुर्ची मना पायजे."

तिचा आवाज मोठा नव्हता. तरी शेवटच्या ट्रकपर्यंत पोचला.

दादूस तिच्याकडे बघत राहिला. आत्ता, या क्षणी, दिवसभर उपाशी बसून त्यानं ती खुर्ची वाचवली होती. आमच्या सगळ्यांच्या खुर्च्यांबरोबर स्वतःची. त्यानं मान वर करून खोलीच्या खिडकीकडे बघितलं. वर फोन वाजत होते.

"मंग मी काय करू?" तो म्हणाला. इतक्या हळू आवाजात की मी आधी इकडेतिकडे बघितलं, कोण बोललं म्हणून.

"अध्यक्ष हाव ना?"

"अध्यक्षाला पगार न्हाय गो."

"घरच्या कामाला तरी कुठं हाय?"

मुकादम खोकला. स्वयंपाकाच्या बायका पदरात हसल्या. दादूसनं साहेबाच्या हातातला तो तुकडा काढून घेतला, थंड झाला होता, पुन्हा रश्श्यात बुडवला, आणि वहिनीच्या तोंडात घातला.

"दिली," तो म्हणाला. "खा आता. मी मरतंय भुकनं."

त्या संध्याकाळी तो किती जेवला ते मी सांगत नाही. तुम्ही आधीच माझ्यावर विश्वास ठेवत नाही आहात.

ती खोली पुढं काही वर्षं चालली. मग गोडाऊनच दुसरीकडे गेलं, आणि आम्ही पांगलो. तोवर मी माझ्या पगारावर, माझ्या पायावर उभी होते, आणि पहिलं स्थळ मीच नाकारलं. वहिनीनं ते छापील कार्ड नसरीनकडून आठवड्यात पाठ केलं, आणि शब्द न चुकवता म्हणायची. ओरडणारी गिऱ्हाइकं तिच्याशी बोलताना आपोआप खाली बसल्यासारखी व्हायची.

दादूस अध्यक्ष राहिला. गेटवर झेंडा लावायचा, मुकादमाशी गप्पा मारायचा, आणि दुपारी वाण्याच्या दुकानातून आमच्याच नंबरावर फोन करायचा. आवाजावरून ओळखायला वेळ लागायचा नाही, आम्ही तो वहिनीकडे द्यायचो.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"फ्रिज बिघरलाय."

"कधी घेतला होता?"

"अजून घेतला न्हाय."

"आपली तक्रार नोंदवली आहे. आणखी काही?"

"रातच्याला कालवान काय हाय?"

"कृपया लाईनवर राहा," वहिनी अगदी गोड आवाजात म्हणायची, बटण दाबायची आणि पुढचा फोन घ्यायची. तिकडे दादूसच्या कानात कंपनीचं संगीत सुरू व्हायचं. इकडे तिच्या टेबलावर लाल दिवा लुकलुकत राहायचा. अर्धा अर्धा तास. तो कधी फोन ठेवायचा नाही.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, अहो तो बिचारा ताटकळतोय. सांगा की काय ते."

तिनं दिव्याकडे बघितलं आणि कानावरचा हेडफोन नीट केला.

"ऱ्हाऊ दे गो. फुकटचा नंबर हाय. जरा ऐकायला शिकू दे."